अकरा जागा, सात जागा

१२ जानेवारी २०२५, रविवार

क्लबच्या ब्रिज स्पर्धेची ढाल मिळाली. शिसवी लाकडाची आहे, खाली पितळी पट्ट्यांवर दरवर्षीच्या जोड्यांची नावं. त्यात बाईचं नाव एकही नव्हतं. आता माझं येईल. वसंतने ती आधी टीव्हीजवळ ठेवून पाहिली, मग फ्रीजवर. म्हणाला, "तीन वर्षांत ढाल. कमाल केली बापा तू." सावनेरला खाणीच्या ऑफिसात उद्या सगळ्यांना सांगणार आहे म्हणे. त्याला ब्रिजमधलं काही कळत नाही. बायको जिंकली, एवढंच त्याला पुरे.

शेवटचा डाव लिहून ठेवते. आमची गाठ गोपाळरावकाका आणि महादेवराव यांच्याशी होती. जो हा डाव मारेल त्याची ढाल, असं झालं होतं. बदाम हुकूम, खेळणारी मी. माझे भिडू धर्मेंद्रभाऊ डमी, म्हणजे त्यांची पानं नियमाप्रमाणे टेबलावर उघडी. दोघांत मिळून बदामची नऊ पानं होती. एक्का, राजा, गुलाम आमच्याकडे. राणी नव्हती. तीन हात आधीच गेले होते. राणीने चौथा नेला की डाव बुडाला.

नऊ पानं असली की राणीच्या मागे लागू नये, एक्का आणि राजा लागोपाठ वाजवावे, ती बहुतेक वेळा आपोआप पडते. हे मला काकांनीच शिकवलंय. मी एक्का वाजवला. सगळ्यांची बारीक पानं पडली. मग थोडं पाणी प्यायले आणि गुलाम खेळला. डावीकडे काका, त्यांनी बारीक टाकलं. मी समोरच्या उघड्या पानांतला राजा लावला नाही, गुलाम तसाच जाऊ दिला. महादेवरावांकडे बदाम संपला होता. राणी काकांकडेच होती आणि पुढच्या फेरीत राजाखाली सापडली.

टाळ्या वाजल्या. काकांनी राणी काढली तेव्हा तिच्यासोबत आणखी दोन पानं खाली पडली. मी उचलून दिली.

निघताना धर्मेंद्रभाऊ म्हणाले, "ताई, पाण्याची बाटली टेबलावरच ठेवत जा. खाली ठेवली का वाकावं लागते." माझ्या कंबरेची त्यांना काळजी. ते काटोलहून संत्र्याचा सगळा व्यापार सोडून दर शनिवारी येतात. असा भिडू मिळायला भाग्य लागतं.

१३ जानेवारी, सोमवार

लॅबमध्ये पेढे वाटले. दुपारी काकांचा फोन आला. अभिनंदन केलं. मग विचारलं, "राणी माह्याकडं आहे हे कसं समजलं वं तुले?"

मी म्हटलं, "अंदाज केला काका."

काका खाकरले. मग म्हणाले, "बरं. अंदाज होता." फोन ठेवला.

शिष्याने हरवलं म्हणजे गुरूला बरंच वाटत असणार. पण मला दिवसभर काही सुचलं नाही. एका पेशंटच्या नळीवर दुसऱ्याचं नाव चिकटवलं. वेळेवर लक्षात आलं म्हणून बरं.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

दरवर्षी पहिला तिळगूळ काका आणि जिजाबाईकाकूंना. यंदा वसंतला पाठवलं. डोकं दुखतंय असं त्याला सांगितलं. परत येऊन म्हणाला, काका आतल्या खोलीत शाल पांघरून बसले होते, बाहेर आले नाहीत. काकूंनी निरोप दिला: "भावनाले म्हणा, यांच्या रक्ताच्या सॅम्पलची तारीख वीस आहे."

१८ जानेवारी, शनिवार

क्लबात काका आले नाहीत. सक्करदऱ्याच्या तलावामागचं आमचं सभागृह, खिडकीजवळचं त्यांचं टेबल रिकामं होतं. महादेवराव सगळ्यांसमोर म्हणाले, "आता त्याले घरीच बसू द्या. राणी सांभाळता येत नाही त खेळते कायले?" चार जण हसले. मी सरबताचा ग्लास धरून उभी होते. मी काही बोलले नाही.

सेक्रेटरी ऋषिकेशने नवीन काढलंय, बायकांसाठी ब्रिजचा वर्ग. सहा नावं आली आहेत, सगळी माझं नाव ऐकून. पहिला पाठ १ फेब्रुवारीला, मी घ्यायचा. विषय त्यानेच ठरवला: 'नऊ पानं असूनही राणी कशी ओळखली'. फलकावर लिहूनही टाकलं.

मी हो म्हणाले.

धर्मेंद्रभाऊंनी सांगितलं की पुढचे दोन महिने जमणार नाही, बागेत संत्र्याची तोड सुरू होईल. गेल्या वर्षी तोड असूनही ते येत होते. या वर्षी माल जास्त असेल.

१९ जानेवारी, रविवार

पाठ लिहायला बसले. 'मला कसं समजलं' असं वर लिहिलं आणि पुढे तासभर काही नाही. मग लिहिलं, काका एक्क्यावर पान टाकताना थांबले. खोटं. काका कधी थांबत नाहीत. ते खोडलं. मग लिहिलं, बाईला आतून कळतं. ते वाचून मलाच किळस आली.

राणी मला दिसली होती. काकांचा हात कापतो. कंपवात आहे, चार वर्षं झाली. गोळ्या आहेत, पण दुपारनंतर त्यांचा जोर उतरतो. पानं धरलेला हात हळूहळू पुढे झुकतो आणि त्यांच्या लक्षात येत नाही. त्या दिवशी झुकला. बदामची राणी, लाल, तिच्या शेजारी सहा. दिसली. माझा काय दोष?

वसंत स्वयंपाकघरातून आला. "काय लिहून राहिली?"

"काही नाही. पाठ."

"मंग रडून काहून राहिली वं?"

मी रडत होते हे मला माहीत नव्हतं.

२० जानेवारी, सोमवार

काकांचं सॅम्पल. लॅबला फोन करून रजा टाकली. दुसरं कुणी गेलं असेल असं धरून चालले होते. संध्याकाळी कळलं, कुणी गेलं नाही. काकूंनी सांगून ठेवलंय म्हणे, भावनाच येईल.

२१ जानेवारी, मंगळवार

आज खरोखरचं कारण सापडलं. सापडायला नको होतं.

पाठासाठी तो डाव पहिल्यापासून मांडला, बोलीसकट. महादेवराव बोलीत मधेच 'दोन चौकट' म्हणाले होते. त्यांच्यासारखा माणूस चौकटच्या सहा पानांशिवाय असं बोलत नाही. काकांनी पहिलं पान चौकटची नव्वी खेळली होती, नंतर चव्वी. आधी मोठं, मग लहान, म्हणजे त्या रंगाची दोनच पानं. चौकटची पाच पानं आमच्याकडे, आठ त्यांच्याकडे. सहा महादेवरावांची, दोन काकांची. हिशेब जुळतो.

आता प्रत्येकाकडे तेरा पानं. महादेवरावांच्या तेरातल्या सहा जागा चौकटने भरल्या, उरल्या सात. काकांच्या दोनच भरल्या, उरल्या अकरा. हरवलेली राणी सात जागांच्या घरात असेल की अकरा जागांच्या? पोरंही सांगतील. नऊ पानांचा नियम दुसरं काहीच माहीत नसताना लावायचा. इथे सगळं माहीत होतं. बोली माझ्या कानावर पडली होती, नव्वी-चव्वी माझ्या डोळ्यांसमोर पडली होती. राजा न लावता गुलाम सोडणं, हाच त्या रंगाचा सगळ्यात चांगला खेळ होता.

म्हणजे मी दोन मिनिटं विचार केला असता तर प्रामाणिकपणे जिंकले असते.

पहिल्यांदा आनंद झाला, हेही लिहिते. वाटलं, आता पाठ तयार झाला. अकरा आणि सात फळ्यावर काढायचे, बायका वह्यांत उतरवतील, कुणाला कधी कळणार नाही. उत्तर तर बरोबरच आहे. दहा मिनिटं मी या आनंदात होते. मग चहा करायला उठले आणि काकांचा फोन आठवला. कसं समजलं वं तुले. ते हेच विचारत होते. हे अकरा आणि सात त्यांना पहिल्या क्षणापासून ठाऊक होते. मी ते सांगते का, याची वाट पाहत होते.

२३ जानेवारी, गुरुवार

ऋषिकेशकडून नियमांचं पुस्तक आणलं. वर्गासाठी पाहिजे असं त्याला सांगितलं. त्यात आहे: समोरच्याचं पान सहज नजरेस पडलं तर त्या माहितीचा उपयोग करायला हरकत नाही. मुद्दाम पाहणं मात्र गैर.

वाक्य चार वेळा वाचलं. हलकं वाटलं. वसंतला आवडते म्हणून पातोडीची भाजी केली.

जेवताना तो सहज म्हणाला, "आजकाल बाटली नेत नाही का क्लबात? तुही बाटली त तशीच पडून आहे पिशवीत, अर्धी भरलेली."

मी ताट सरकवलं आणि वही घेतली.

लिहून टाकते. मला तहान लागली नव्हती. एक्का वाजवल्यावर माझ्या कपाळावर घाम होता, राजा की गुलाम ठरत नव्हतं, आणि डाव्या बाजूला काकांचा हात खाली येताना मला जाणवत होता. तीन वर्षं महिन्यातून एकदा तो हात मी माझ्या हातात धरला आहे, शीर शोधायला. तो कधी झुकतो, किती झुकतो, मला डॉक्टरपेक्षा जास्त माहीत आहे. बाटली खुर्चीच्या उजवीकडे होती. मी ती उचलली, एक घोट घेतला, आणि खाली ठेवली ती डावीकडे. वाकून. ठेवायला वेळ लावला.

राणी दिसली नाही. मी पाहिली.

हे एकच वाक्य लिहायला अकरा दिवस लागले.

२५ जानेवारी, शनिवार

सकाळी सातला काकांकडे गेले, सॅम्पलची पेटी घेऊन. काकूंनी दार उघडलं. "ये. ते उपाशी आहेत अजून. तूबी उपाशी दिसतं."

याच घरी, याच खुर्चीवर, तीन वर्षांपूर्वी काका एकटेच चार जणांची पानं मांडून बसले होते. मी रक्त घेऊन कापूस लावत होते तर म्हणाले, "खेळतं का वं? चौथं मानूस मिळून नाही राहिलं." तिथून सगळं सुरू झालं.

आज ते शाल पांघरून बसले होते. मी पट्टा बांधला आणि म्हटलं, "काका, मला काही सांगायचं आहे."

"अगोदर रक्त घे. मंग सांग."

सुई लावली, शीर चुकली. असं माझ्या हातून वर्षानुवर्षं झालेलं नाही. काका माझ्या बोटांकडे पाहत म्हणाले, "आज तुहा हात कापून राहिला." दुसऱ्या खेपेला मिळाली. नळीवर नाव लिहिलं, दोनदा तपासलं. मग मी बोलले. बाटलीपासून सगळं. दिसली नाही, पाहिली, असंच म्हटलं.

ते म्हणाले, "मले माहीत आहे. तू वाकली तवा मी पत्त्याकडं नाही, तुह्याकडं पाहून राहिलो होतो."

"मग तिथेच का नाही बोललात? ऋषिकेशला बोलवायचं."

"काय सांगाचं होतं त्याले? तिनं पाहिलं? तू म्हणली असती, दिसलं. नियम तुह्या बाजूनं झाला असता." मग म्हणाले, "आन् दाखवलं कोनं? ह्या हातानं. चार लोकाईत ते सांगाची मले लाज वाटे."

मी त्यांना महादेवराव काय म्हणाले ते सांगितलं. मी गप्प उभी राहिले, तेही सांगितलं. ते त्यांना आधीच कुणाकडून तरी कळलं होतं. मला वाटतं राणीपेक्षा त्यांना तेच जास्त लागलं होतं.

मग म्हणाले, "तुहा राग मले चार दिवस होता. ह्या हाताचा रोज येते. तेरा पत्ते धरता येत नाही, भावना. क्लबात काहून जाऊ?"

तेरा दिवस मी माझ्याच लाजेत बुडून होते. शेजारी आणखी एक माणूस लाजून घरात बसला आहे, आणि तोही माझ्यामुळे, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

काकूंनी चहा आणला. माझा कप ठेवताना म्हणाल्या, "ते मास्तरासारखे आहेत, ते सोडतीन. मी नाही सोडलं अजून. चहा घे." मी घेतला.

मी सांगितलं, ढाल परत करते आणि १ तारखेला सगळ्यांसमोर सांगते. काका म्हणाले, "सांग. पन माह्या हाताचं नको सांगू." मी कबूल केलं.

२७ जानेवारी, सोमवार

धर्मेंद्रभाऊंना फोन केला. ढाल त्यांचीही आहे, विचारल्याशिवाय कशी देणार? मी सुरुवात केली तर ते म्हणाले, "ताई, मी समोरच बसलो होतो. डमीच्या मानसाले काम काय असते, पाह्याचंच."

"मग बाटलीचं तुम्ही म्हणालात ते..."

"हो. तितकंच बोलाची हिंमत झाली. ढाल मलेबी पाह्यजे होती ना." मागे ट्रकमध्ये क्रेट चढवल्याचा आवाज येत होता. "द्या परत. आन् माहं नावबी घ्या त्यात. मी पाहून चूप राहिलो."

तोड मार्चमध्ये आहे, हेही त्यांनी सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी वसंतला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग उठून फ्रीजवरची ढाल फडक्याने पुसली आणि कापडी पिशवीत घातली. "ऑफिसात मी सांगतलं आहे सगळ्याईले," एवढंच म्हणाला. त्यालाही आता तिथे जाऊन खाली पाहावं लागणार.

१ फेब्रुवारी, शनिवार

वर्गाला सहा बायका, शिवाय ऋषिकेश, महादेवराव आणि चार-पाच जुने मेंबर, माझी हुशारी ऐकायला. ढाल टेबलावर ठेवली. फळ्यावर नऊ पानं काढली, दोन चौकटची बोली लिहिली, नव्वी, चव्वी, अकरा, सात. सगळं नीट समजावलं. वैभवी नावाची एक मुलगी आहे, बँकेत असते, तिला लगेच कळलं. "किती सोपं आहे ताई," ती म्हणाली.

मी म्हटलं, "सोपं आहे. पण त्या दिवशी मी हा विचार केला नव्हता. मी गोपाळरावकाकांच्या हातातली राणी पाहिली होती. वाकून, मुद्दाम. आणि नंतर तीन आठवडे लपवलं. ढाल त्यांची आणि महादेवरावांची आहे. धर्मेंद्रभाऊंचंही हेच म्हणणं आहे. त्यांनी मला पाहताना पाहिलं आणि ते गप्प बसले, हे सांगायला त्यांनीच सांगितलंय."

ऋषिकेशने फलकाकडे पाहिलं, तिथे विषय अजून लिहिलेला होता. दोन बायका पर्स घेऊन उठल्या. एक दुसरीला म्हणाली, "चल वं," आणि गेल्या.

महादेवराव म्हणाले, "पाहिली म्हणजे कशी पाहिली? गोपाळरावानं काय पत्ते टेबलावर मांडले होते?"

मी गप्प राहिले. हाताचं सांगणार नाही असं काकांना कबूल केलं होतं.

"सांगा ना. एवढं सांगतलं त हेबी सांगा."

"माहा हात कापते, महादेव." मागून आवाज आला. काका दाराशी उभे होते, काकूंच्या खांद्याला धरून. कधी आले होते कोण जाणे. त्यांनी शालीतून हात बाहेर काढला आणि सगळ्यांना दिसेल असा समोर धरला. तो नेहमीपेक्षा जास्त कापत होता. "चार वर्सं झाले. पत्ते झुकते. मी कोनाले सांगतलं नाही. तुलेबी नाही."

महादेवराव खुर्चीतून उठले. त्यांनी स्वतःची खुर्ची काकांच्या बाजूला सरकवली आणि उभेच राहिले.

काका बसले. फळा बघितला, वरपासून खालपर्यंत, जसे ते पूर्वी माझी वही तपासायचे. म्हणाले, "हिशेब बरोबर आहे. आता हे सांग, पाहिलं नसतं त त्या दिवशी काय खेळली असती?"

सगळ्या बायका माझ्याकडे पाहत होत्या. मला 'विचार केला असता' असं म्हणता आलं असतं. कदाचित केलाही असता. पण एक्का वाजवल्यावरचा तो घाम मला आठवत होता, आणि त्या घामात अकरा नव्हते की सात नव्हते.

"राजा," मी म्हटलं.

"मंग?"

"बुडाले असते."

"हं," काका म्हणाले. टेबलावरचा पत्त्यांचा जोड त्यांनी माझ्याकडे सरकवला. "वाट."

मी पिसले, वाटले. त्यांनी आपली तेरा पानं हाताखाली धरली आणि शेजारी उभ्या असलेल्या वैभवीला म्हणाले, "पोरी, मले पत्ते लावून दे. रंगारंगानं." तिने ती घेतली, पण मान दुसरीकडे वळवून लावायला लागली, तर चौकट आणि बदाम एकत्र झाले. काका म्हणाले, "पाह्य ना. मीच सांगून राहिलो."

तिने पाहिलं, नीट लावली. मी त्यांच्या समोर, भिडूच्या जागी बसले होते. माझी पानं उचलली. पहिली बोली माझी होती.